पन्ह्याची नदी

ऐका बायांनो, चौथीच्या वर्गाची गोष्ट. उमाबाई मुलांना जगाची भांडणं खेळातून शिकवत. एकेका रांगेचा एकेक देश, आणि चैत्रगौरीच्या पन्ह्याने भरलेला तांब्या ही सगळ्यांची नदी. ती न भांडता वाटायची, एवढाच खेळ.

एक दिवस तपासणीला मोठे साहेब आले. खेळ बघून कडाडले, "मोठमोठ्या परिषदांना जमत नाही, ते ही पोरं करणार?"

बाईंचा चेहरा उतरला. "साहेब, एकदा खेळून तरी बघा."

साहेबांनी तांब्या उचलून मांडीवर घेतला. "मी सगळ्यात मोठा देश. नदी माझ्या डोंगरातून निघते. आधी मी पोटभर पिणार, उरलं तर तुमचं. आता न भांडता वाटा मिळवून दाखवा, नाहीतर उद्यापासून हा पोरखेळ बंद!"

मग पुढच्या रांगेतली कस्तुरी उठली.

"साहेब, आमच्या घरी आधी बाळाला भरवतात. मोठी माणसं सगळ्यांना वाढून मग जेवतात. तुम्हाला आधी प्यायचं असेल तर आमचं बाळ व्हा, आम्ही भरवू. मोठंच राहायचं असेल, तर वाढायला घ्या."

साहेब खो खो हसले, खुर्चीतून उठले आणि प्रत्येकाच्या पेल्यात स्वतः पन्हं ओतत गेले. त्यांच्या वाट्याला तळाचा एक घोट उरला. तो पिऊन म्हणाले, "बाई, हा खेळ शेजारच्या शाळांनाही शिकवा."

साहेबांना तो शेवटचा घोट जसा गोड लागला, तसा जगातल्या सगळ्या मोठ्यांना लागो.