पलीकडच्या काठचा निखारा

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर आगकाडी अजून कोणाच्या स्वप्नातही आली नव्हती, तेव्हाची. चूल पेटवायची तर शेजारी जाऊन विस्तव मागून आणावा लागे, आणि विस्तव मागायला गेलेलं माणूस चार गोष्टी बोलल्याशिवाय परत येत नसे. अशा त्या काळी एका नदीच्या काठी, टेकडीवर, एक मंदिर होतं.

त्या मंदिरात मूर्ती नव्हती. अगदी आतल्या खोलीत एक दगडी कुंड होतं आणि कुंडात अग्नी होता. मंदिर बांधून झालं त्याच दिवशी तो आकाशातून उतरला, असं गावातले जाणते सांगत. अग्नी म्हणजेच देव, असं मात्र कोणी म्हणत नसे. देव आपल्या गावात राहतो आहे, याची ती खूण होती. पण जाणते जाता जाता आणखी एक सांगून गेले होते. "ज्या दिवशी हा अग्नी विझेल, त्या दिवशी समजा, देव निघून गेला. मग तुम्हीही बिऱ्हाड आवरा."

वर्षातून एकदा त्या गावात निखाऱ्याचा सण असे. त्या दिवशी दुपारी प्रत्येक घरातली चूल विझवायची, सारवायची, आणि सूर्य मावळताना मंदिरातला नवा निखारा आणून पुन्हा पेटवायची. तोवर गावावर धुराची एक रेघ दिसत नसे. पोरं भुकेनं कुरकुरत. पण त्या संध्याकाळची पहिली गरम भाकरी अशी काही गोड लागे, की विचारू नका!

या अग्नीचा एक राखणदार होता. चाळीस वर्षं तो एकच काम करत आला होता. माणूस सचोटीचा, पहाटे सर्वांच्या आधी उठणारा, अग्नीवर पोटच्या लेकरासारखी माया करणारा. पण मायेच्या भरात त्याची काळजी वाढत गेली, आणि काळजी वाढली तशा कपाळावरच्या आठ्याही वाढल्या.

एकदा वाऱ्यानं ज्योत हलली. त्यानं दाराला पडदा लावला. मग धूळ आली, म्हणून दुसरा लावला. कोणी मोठ्यानं हसलं म्हणून तिसरा, कोणाचं लेकरू रांगत आत आलं म्हणून चौथा. असे करता करता सात पडदे झाले. शेवटचा तर नुसता माणसांचा श्वास अग्नीला लागू नये म्हणून होता.

पडद्यांमागोमाग नियम आले. अंगणात कोणी यायचं, पायऱ्यांवर कोणी थांबायचं, सगळं त्यानं ठरवून दिलं. नदीच्या पलीकडच्या काठाला चुना भाजणाऱ्यांची वस्ती होती. अंगावर सदा पांढरी भुकटी, बोलणं असं की या काठाचं त्या काठाला ऐकू जावं. त्यांनी पायऱ्यांच्या खालीच थांबायचं, आणि सणाचा निखारा त्यांना द्यायचा नाही, असा नियम झाला. त्यांनी कधी तक्रार केली नाही. म्हणून राखणदाराला वाटलं, त्यांना तो नकोच असेल.

एवढं करूनही एक झरोका उरला होता. तो छताजवळ होता, आणि त्यातून चिमण्या आत येत. घरटं बांधायच्या घाईत त्यांच्या चोचीतल्या काड्या थेट कुंडात पडत. राखणदार हातात काठी घेऊन दिवसभर चिमण्या हाकलत असे. शेवटी सणाच्या आदल्या दिवशी तो झरोकाच बुजवायचा, असं त्यानं ठरवलं.

चुना घेऊन पलीकडच्या काठची एक बाई आली. केस पिकलेले, हात भट्टीच्या धगीनं करपलेले. तिनं दोन टोपल्या पायऱ्यांच्या खाली उतरवल्या आणि विचारलं, "बाबा, येवढा चुना कशाला वो?"

"झरोका बुजवायचा आहे."

"आन् मग धूर कुठनं जायाचा?"

"तू चुना दे, बाई. अग्नीचं मला शिकवू नकोस."

"माजं काय जातंय," बाई हसून म्हणाली. "आमी आगीजवळच जल्मलो, म्हून इचारलं."

राखणदारानं झरोका बुजवला, वरून चुन्याचा हात फिरवला आणि समाधानानं पडदे ओढले. आता वारा नाही, धूळ नाही, चिमणी नाही. असा निवांत तो कित्येक वर्षांत झोपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या बायकांनी चुली विझवल्या. राखणदाराला त्या सकाळी आत डोकावायची गरजच वाटली नव्हती; आता तो कुंडात लाकडं घालायला आत गेला. त्यानं एक पडदा सारला, दुसरा सारला. सहाव्या पडद्याशी एरवी तांबूस उजेड झिरपायचा, तो आज नव्हता. त्यानं सातवा पडदा घाईनं ओढला. खोलीत धूर कोंडला होता आणि कुंड काळंठिक्कर पडलं होतं.

त्यानं राखेत हात घातला. राख कोमट होती, निखारा एकही नव्हता. त्यानं फुंकर घातली, पुन्हा घातली, धाप लागेपर्यंत घातली. श्वास कोंडून अग्नी मेला होता, आणि कोंडणारा तोच होता.

बाहेर गावातली एकूण एक चूल थंड पडलेली. सूर्य मावळताना सगळे बोळकी घेऊन येणार. मग काय सांगायचं? देव गेला, बिऱ्हाड आवरा? ही घरं, हे मळे, ही चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा असलेली दारं, सगळं सोडून जा? म्हातारा त्या राखेशेजारी बसून लहान मुलासारखा रडला.

मग त्याला कोनाड्यातले चकमकीचे दगड आठवले. एक ठिणगी पाडली की झालं. कोणाला कळणार होतं? त्यानं दगड हातात घेतले. पण ज्या कुंडासमोर चाळीस वर्षं तो खोटं बोलला नव्हता, त्याच कुंडासमोर त्याचे हात उठेनात.

तेवढ्यात खालून हाक आली, "बाबा, माज्या टोपल्या ऱ्हायल्यात की हितं!"

राखणदार बाहेर आला. त्याचा चेहरा पाहून बाई चपापली. राखेनं माखलेल्या गालांवर पाण्याचे ओघळ आले होते.

"अगं बया! काय झालं, बाबा?"

"विझला," तो म्हणाला. "अग्नी विझला. तू विचारलं होतंस, धूर कुठून जाणार म्हणून. मी विझवला त्याला."

बाई हसली नाही, की 'बघा, मी म्हणाले होते' असंही म्हणाली नाही. ती पायऱ्या चढून वर आली आणि त्याच्या शेजारी बसली. नियम मोडतो आहे, हे त्या घडीला दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"मग माज्याकडचा घ्या की," ती म्हणाली.

"तुझ्या भट्टीतला विस्तव घेऊन मी काय करू, बाई? मला हा हवा. या कुंडातला."

"ह्योच हाय त्यो!" बाई म्हणाली. "चाळीस वर्सं झाली. मी नवी नवरी हुते. पुराचं पानी शिरलं आन् आमची भट्टी इझली. सासूनं हातात फुटकं खापर दिलं, म्हनली, जा, कुनी दील तर इस्तू आन. साऱ्या गावात फिरले, समद्यांनी दारं लावली. हितं वर आले, तर एक पोरसवदा राखनदार हुता. मी कुठली, कुनाची, त्यानं इचारलंच न्हाई. चिमट्यानं निखारा उचलला आन् माज्या खापरात घातला. वर म्हनला, फुंकर घालत जा, बाई, न्हाई तर वाटंत इझंल."

राखणदार तिच्याकडे बघतच राहिला. तो त्याचा कामाचा पहिला दिवस होता. कोणाला नाही म्हणायचं, हे तेव्हा त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला ते फुटकं खापर आठवलं, आणि फुंकर घालत टेकडी उतरणारी पोरगी आठवली.

"ती तू?"

"आन् त्यो तुमी. तवापास्नं इझू दिला न्हाई बगा. भट्टी निवली तरी राखंखाली जपला. लेकी सासरी गेल्या, त्यास्नी दिला. शेजाऱ्यांनी मागितला, त्यास्नी दिला. आता आमच्या समद्या वस्तीत त्योच हाय."

"पण आज तर सण. आज तुम्ही चुली विझवल्या नाहीत?"

"आमाला कुठं कुनी इझवायला सांगितलं?" बाई साधेपणानं म्हणाली. "नवा मिळायचा असंल, तर जुना इझवायचा ना, बाबा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच राखणदाराला ते फार लागलं. आपण ज्यांना वगळलं, त्यांच्यामुळेच आज सगळं वाचणार होतं. त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या पोटातून आनंदही उसळून आला.

तो तिच्यामागून निघाला. गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडून तो आयुष्यात पहिल्यांदा पलीकडच्या काठाला गेला. दारोदार चुली पेटलेल्या होत्या, भाकऱ्यांचा वास सुटला होता. बाईनं राख सारली आणि लालबुंद निखारा वर काढला. राखणदारानं ओळखीच्या माणसाला भेटावं तसे त्याला हात जोडले. मग खाली मानेनं विचारलं, "झाकणाचं मडकं आहे का? मागच्या वाटेनं गुपचूप नेईन म्हणतो."

"झाकलात तर पुन्ना इझंल की वो!"

राखणदार खो खो हसला. किती वर्षांनी हसला, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यानं उघडं खापर घेतलं आणि राजरस्त्यानं निघाला. त्याच्यामागून बाई निघाली, आणि तिच्यामागून सगळी वस्ती, ज्याच्या त्याच्या खापरात ज्याचा त्याचा निखारा.

सूर्य टेकला होता. मंदिराच्या अंगणात सगळं गाव बोळकी घेऊन उभं होतं. ही मिरवणूक पाहून गावचा प्रमुख पुढे आला. "बाबा, हे काय? ही माणसं वर कशी?"

राखणदारानं काहीही लपवलं नाही. पडदे, झरोका, चकमकीचे दगड, सगळं सांगितलं. एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "म्हणजे देव गेला. आता बिऱ्हाड आवरायचं."

"कुठं गेला, आजी?" राखणदार म्हणाला. "गेला असता, तर यांच्या हातात हे काय आहे? हा याच कुंडातला आहे. माझ्याच हातानं दिलेला. मी इथं सात पडद्यांमागे त्याला राखत बसलो होतो, आणि तो नदीपलीकडे भाकऱ्या भाजत होता!"

मग त्यानं मंदिरातली शास्त्राची पोथी आणवली. शेवटचं पान त्यानं कैक वर्षांत लोकांना वाचून दाखवलं नव्हतं, कारण सात पडद्यांपुढे उभं राहून ते वाचणं त्याला अवघड जाई. त्यावरचे देवाचे शब्द त्यानं आज मोठ्यानं वाचले.

"हे घर मी मला राहायला मागितलं नाही. मला आभाळ पुरत नाही, तर तुमच्या चार भिंती कशा पुरतील? हे घर तुम्ही सगळ्यांनी मला भेटायला यावं म्हणून आहे. राहायला मी तुमच्या घरी येणार आहे."

प्रमुखानं हळूच विचारलं, "मग बिऱ्हाड आवरायचं नाही?"

"आता कसलं बिऱ्हाड आवरताय!" बाई म्हणाली. "चुली सारवून ठिवल्यात न्हवं? निखारा न्या आन् भाकऱ्या टाका. पोरं भुकेजलीत!"

सारं अंगण हसलं. राखणदारानं सातही पडदे ओढून काढले, आणि बाईनं आत जाऊन आपल्या हातानं कुंडात निखारा ठेवला. बुजवलेला झरोका प्रमुखानं स्वतः शिडीवर चढून फोडला. पलीकडच्या खापरांतून अलीकडच्या बोळक्यांत निखारे पडले. त्या संध्याकाळी कोणी आपापल्या घरी जेवलं नाही. सातही पडदे अंगणात अंथरले आणि दोन्ही काठांची माणसं त्यांवर मांडीला मांडी लावून बसली. दुसऱ्या दिवशी चिमण्या काड्या घेऊन परत आल्या. राखणदारानं काठी शोधलीसुद्धा नाही.

तेव्हापासून सणाची रीत थोडी बदलली. आता कुठल्यातरी एका घरातला न विझवलेला निखारा आधी वर मंदिरात जाई, आणि मग मंदिरातला निखारा घरोघर.

पुढे पुष्कळ वर्षांनी, राखणदार आणि ती बाई दोघंही गेल्यानंतर, मोठा भूकंप झाला आणि ते मंदिर कोसळलं. कुंडाचे तुकडे झाले. लोकांना वाईट वाटलं, काही रडलेही. पण बिऱ्हाड कोणी आवरलं नाही. त्या संध्याकाळी नदीच्या दोन्ही काठांना प्रत्येक घरातून चुलीचा धूर वर चढला, आणि जो तो म्हणाला, देव इथेच आहे.

म्हणून लहानथोरहो, आपल्या प्रार्थनेच्या घराची पायरी चढाल तेव्हा तिथं निखारा घ्यायला जा, आणि उतराल तेव्हा तो कोणाला तरी द्यायला जा.

तात्पर्य: देवाला भेटायला दगडांचं मंदिर असतं, पण तो राहतो माणसांत, आणि जो आपल्याजवळचा निखारा दुसऱ्याला देतो, त्याच्या घरचा निखारा विझत नाही.