चौदावी नळी

एकदा एका थंड, दमट मुलखात एक वृद्ध गुरू आणि त्यांचा तिशी ओलांडलेला शिष्य लोकगीते गोळा करत हिंडत होते. तिथले ज्यू लोक घरात यिद्दिश बोलत आणि त्यांच्या बायका त्याच भाषेत गात. गुरूंजवळ कर्णा लावलेले यंत्र होते. कर्ण्यासमोर गायले की गाणे मेणाच्या नळीवर कोरले जाई आणि सुई फिरवली की तोच आवाज परत ऐकू येई. मात्र जितक्या वेळा सुई फिरे, तितके मेण झिजे.

हे कळल्यापासून शिष्याला भीतीने घेरले. सव्वीस नळ्या त्याने कापसात गुंडाळून पेटीत ठेवल्या, प्रत्येकीवर गाव, तिथी आणि गाणारीचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावली. किल्ली गळ्यात अडकवली. आभाळ भरून आले की नळ्यांना बुरशी धरेल म्हणून तो आपली घोंगडी पेटीवर टाकी.

एका मंगळवारी ते उतरले होते त्या घरात लग्न होते. लग्नमंडपात नेण्यापूर्वी नवरीला मध्ये बसवून रडवणारे गाणे म्हणायची तिथली रीत. ते म्हणणारी फ्रूमा आजी हिवाळ्यात वारली होती. तिचे गाणे आदल्या वर्षी चौदाव्या नळीवर उतरले होते.

घरमालकीण द्वोरा, नवरीची मावशी, शिष्यासमोर उभी राहिली. "आजीचा आवाज तुमच्याकडे आहे ना? मग लावा की."

"एकच नळी आहे, मावशी. झिजेल."

"म्हणजे त्या नळीलाच नवरीसारखं तोंड झाकून बसवणार का? आणि आमच्या पोरीनं काय करायचं?"

बायका हसल्या. गुरूंनी हात पुढे केला. "किल्ली."

मेलेल्या बाईचा आवाज खोलीत उमटला आणि सगळ्या यंत्राभोवती सरकल्या. नवरी रडली. गाणे संपले, तशी गुरूंनी सुई पुन्हा मागे नेली. मग पुन्हा. सातव्या खेपेस शब्द धूसर झाले. शिष्याला ती सुई आपल्याच कातडीवरून फिरल्यासारखी वाटत होती.

"गुरुजी, पुरे!"

गुरू थांबले नाहीत. अकराव्या खेपेस नुसती खरखर उरली. उरलेल्या पंचवीसही अशाच जातील, या धास्तीने शिष्य पेटी उचलून आत पळाला. भिंती ओलसर होत्या. कोरडी जागा एकच, थंड पडलेल्या मोठ्या भट्टीवरची फळी. तिथे पेटी ठेवून त्याने द्वोराला बजावले, "काही झालं तरी हिला हात लावायचा नाही."

शुक्रवारी दोघे शेजारच्या गावाहून दिवस मावळण्याआधी परतले, तर भट्टी धगधगत होती. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी ते विस्तव पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारीच भट्टी तापवून दुसऱ्या दिवसाचे जेवण आत ठेवतात. वर्षभर नळ्यांपलीकडे न पाहिलेल्या शिष्याला हे ठाऊक नव्हते.

"अहो, पेटी!"

द्वोरा गोंधळली. "तुम्हीच म्हणालात ना, हात लावायचा नाही?"

शिष्याने घाईघाईने कुलूप उघडले. आत पंचवीस नळ्यांचा एकच पिवळा गोळा झाला होता. त्यात नावांच्या चिठ्ठ्या रुतल्या होत्या.

गुरूंनी गोळ्यातून एक चिठ्ठी सोडवली. मग म्हणाले, "बाराव्या नळीत काय होतं?"

"ब्रोखा, विणकराची बायको. वैशाख..."

"गाणं विचारतोय."

शिष्याला काही आठवेना. झिजेल म्हणून त्याने स्वतःहून एकही नळी लावून ऐकली नव्हती; गाणे उतरत असतानाही त्याचे डोळे आणि कान मेणावरच असत.

"मीही चुकलो," गुरू म्हणाले. "नळी भरली की गाणं वाचलं, असं वर्षभर मला वाटत होतं. मंगळवारी लग्नात बायकांकडे पाहिलं. पाचव्या खेपेपासून एकेकीचे ओठ हलू लागले. मेणावरून जात होतं ते त्यांच्यात उतरत होतं, म्हणून मी थांबलो नाही. तू नळीकडे पाहत होतास."

अंगणात भांडी घासता घासता द्वोरा तेच गाणे गुणगुणत होती. तिसऱ्या ओळीपाशी ती अडखळली, पुन्हा मागे आली, पुन्हा अडखळली. आणि पेटीवर वाकलेल्या शिष्याच्या तोंडून चौथी ओळ आपसूक बाहेर पडली.

तो दचकला.

रविवारी ते पहिली नळी जिथे भरली होती, त्या गावाच्या वाटेला पुन्हा लागले. त्या नळीवर गायलेली म्हातारी पुन्हा कर्ण्यासमोर बसली, तेव्हा शिष्याने कर्ण्यावर फडके टाकले आणि म्हणाला, "आजी, आधी मला म्हणून दाखवा."

आपल्याही घरात जपून ठेवलेली पण कोणी न ऐकलेली अशी एखादी पेटी असेल, तर किल्ली कोणाच्या गळ्यात आहे हे वेळीच पाहावे.