काटा की हात

एका बंदराबाहेर एक होडी नांगरून उभी होती, आणि त्या होडीत एका घड्याळाचा काटा हलला. सुरुवात एवढ्याशाच गोष्टीने झाली. वादळ नव्हतं, लाट नव्हती. पाणी तव्यासारखं सपाट होतं.

हे घड्याळ वेळेचं नव्हे, हवेचं. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या पोटात उतरणाऱ्यांना ते लागतं. टाकीत हवा किती उरली ते काटा सांगतो. टाकी भरलेली असली की तो जागचा हलू नये. पण कुंदाने होडीच्या काठावर बसून तोंडात नळी धरली, एक श्वास घेतला, आणि काटा जरासा खाली आला. श्वास सोडला, तर पुन्हा वर गेला. जणू त्यालाही धाप लागत होती.

हे पाहिलं ते वैजूने.

वैजू ही कुंदाची धाकटी बहीण. शहरात कॉलेज शिकून आलेली, हुशार, आणि जन्माची भित्री. भांडं पडलं तरी दचकायची. दाराची कडी वाजली तरी छातीवर हात ठेवायची. गावात तांडेल मास्तरांनी पाण्याखाली उतरायला शिकवणारी शाळा काढली, तेव्हा कुंदाने पहिलं नाव आपलं घातलं आणि दुसरं वैजूचं. "माका जोडीदार होयो," ती म्हणाली. "आणि तुझी भीती एकदाची बुडवून येवया."

मास्तरांचा पहिला नियम जोडीचा. एकटं कुणी उतरायचं नाही. "आपली पाठ आपणाक दिसणा नाय," ते सांगत. "म्हणून पाठीवरची टाकी जोडीदारान बघूची." परीक्षाही जोडीचीच. पास तर दोघी पास, नापास तर दोघी नापास.

दोन वेळा दोघी नापास झाल्या होत्या. पहिल्यांदा वैजू एका कासवाला घाबरून अर्ध्यातूनच वर आली. दुसऱ्यांदा कासवही नव्हतं. तिच्याच वेणीचं टोक चष्म्यासमोर आलं होतं. वर आली की ती गळ्यातली शिट्टी जीव खाऊन फुंकायची, आणि होडीवाला इनासकाका हातातलं काम टाकून होडी घेऊन धावायचा. एकदा तर पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीसाठी धावला. त्या दिवसापासून तो तिला शिट्टीबाय म्हणू लागला.

कुंदा रागावली नाही. तिने पुन्हा नाव घातलं. पण आता ही शेवटची खेप होती. यंदा पास झाली तर बंदरावर पाहुण्यांना पाण्याखाली नेणारी ती पहिली बाई ठरणार होती. नाही झाली, तर घाटावरचं स्थळ तयारच होतं. तिथे समुद्र नव्हता.

परीक्षा उद्या होती. आज नुसता सराव. मास्तर तालुक्याला गेले होते, आणि जाताना बजावून गेले होते, की उथळातच राहा. "उद्या खोल जावचा आसा, मग आज उथळात काय बेडूक धरूचे?" असं म्हणून कुंदाने होडी काळ्या खडकाकडे न्यायला लावली. तिथे पाणी बारा मीटर खोल होतं.

तर काटा हलला, आणि वैजूने तो पाहिला. त्याचा अर्थही तिला ठाऊक होता. तिच्या वहीत लाल शाईने लिहिलेलं होतं: श्वासासरशी काटा हलला, तर टाकीची चावी पुरती उघडलेली नाही. वर पुरेल, खाली पुरणार नाही.

आणि झालंही तसंच होतं. सकाळी कुंदाने हवा किती आहे ते बघायला चावी उघडली आणि पुन्हा बंद केली. नळीत उरलेल्या हवेवर काटा भरलेलाच दिसत राहिला. मग आला इनासकाका. त्याला जुनी खोड होती. इंजिनाची असो की टाकीची, कुठलीही उघडी चावी तो अर्धा आटा मागे घ्यायचा, म्हणजे ती जाम होत नाही म्हणे. कुंदाची चावी उघडीच असेल असं धरून त्याने ती फिरवली. एका बाजूला ती फिरेना, म्हणून दुसऱ्या बाजूला अर्धा आटा दिला. म्हणजे ती उघडली, पण फक्त अर्धा आटा.

"ताई," वैजू म्हणाली, "काटो हलता."

कुंदाने वळून पाहिलं. घड्याळ वैजूच्या हातात होतं, आणि हात नेहमीसारखा कापत होता.

"काटो नाय गो," कुंदा हसत म्हणाली, "तुझो हात हलता."

इनासकाका इतका हसला, की होडी डुलली. "बघ! आता होडी पण हलूक लागली!"

वैजूने आपल्या हाताकडे पाहिलं. कापत तर होताच. मग काटा खरंच हलला, की तसं वाटलं? चावीला हात लावून बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. 'थांब, चावी बघू दे,' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण कुंदाच्या हसण्याखाली तिला दुसरंच काही दिसलं. आज नको गो, असं ते होतं. दोनदा झालं, आता नको.

वैजूने शब्द गिळले. आजवर ती घाबरून ओरडली होती. आज पहिल्यांदा ती घाबरट दिसू नये म्हणून गप्प बसली.

"झाला बघून?" कुंदाने विचारलं.

वैजूने अंगठा आणि पहिलं बोट जुळवून दाखवलं. सगळं ठीक.

दोघी उतरल्या. कुंदा पुढे, वैजू मागे. कुंदाच्या पायांत पोहायचे पिवळे फिन होते, आणि वैजूला सांगितलेलं होतं, की बाकी काही बघू नकोस, पिवळं तेवढं बघ. तिने बघितलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. टाकी भरलेली होती, तोवर अर्ध्या आट्यातूनही हवा जोराने येत होती. वैजूला वाटलं, बरं झालं बोलले नाही. तिला स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला. थोडासा.

मग तळाशी कुंदाच्या पायाने गाळ उठला. वैजूच्या चष्म्यात पाणी शिरलं. नियमाप्रमाणे मान वर करून, नाकाने हवा सोडून तिने चष्मा रिकामा केला. पुन्हा पाहिलं, तर समोर सगळं गढूळ होतं. पिवळं कुठेच नव्हतं.

जोडीदार हरवला तर एक मिनिट शोधायचं आणि वर यायचं, असा नियम होता. वैजूने साठ अंक मोजले. दर दोन अंकांना ती एक श्वास घेत होती. भित्र्याची हवा लवकर संपते. तिच्या घड्याळाचा काटा हवा संपत आल्याच्या लाल रेघेवर आला, तेव्हा ती वर निघाली. वर कुंदा असेल, हसत असेल, अशी तिची खात्री होती.

वर कुंदा नव्हती.

खाली खडकाला एक जुनं जाळं अडकलेलं होतं, आणि त्यात कुंदाचा पाय गुंतला होता. एरवी तिने तो केव्हाच सोडवला असता. पण सोडवायला जोर लागतो, आणि जोराला श्वास लागतो. टाकी उतरत चालली होती. अर्ध्या आट्यातून आता श्वासही अर्धाच येत होता. चावी पाठीमागे होती, मानेखाली. तिथे कुंदाचा हात पोचत नव्हता. तिथे जोडीदाराचा हात पोचतो.

वर पाण्यात थोड्या अंतरावर बुडबुडे फुटत होते. वैजूने ते पाहिले, आणि तिला कळलं. कुंदा तिथेच होती, बरोबर त्या बुडबुड्यांखाली. आणि त्याच क्षणी काटाही आठवला. हात नव्हता हलत. काटाच हलत होता.

तिने तरंगत ठेवणाऱ्या जाकिटातली हवा सोडली आणि खाली झेपावली. दोन माणसांच्या उंचीइतकी खोल गेली असेल, तेवढ्यात नळी आटली. ओढलं तरी काही येईना. खोकत, पाणी पीत ती परत वर आली. आता एकच उपाय होता. होडीत हवेची भरलेली टाकी होती, आणि होडीत इनासकाका होता.

तिने शिट्टी फुंकली.

प्रवाहाने तिला होडीपासून लांब आणलं होतं. इनासकाका पेज जेवत होता. शिट्टी ऐकून त्याने मान वळवली. शिट्टीबाय पाण्यावर दिसत होती, डोकं वर होतं, म्हणजे बुडत नव्हती. दुसरी असेल तिच्याच आसपास. त्याने हात उंच करून हलवला, बघितलं हां, अशा अर्थाने, आणि लोणच्याची बाटली उघडली.

वैजूने पुन्हा फुंकली. दोन्ही हात वर करून हलवले. "काका! ताई खाली आसा! काका!" आवाज चिरकला आणि वाऱ्याने मागे नेला. काकाने पुन्हा हात हलवला.

ती होडीकडे पोहू लागली. वीस हात मारले तरी होडी लांबच होती. मागे वळून पाहिलं, तर बुडबुडे दूर गेले होते. होडीकडे गेलं तर जागा हरवणार. जागा धरून राहिलं तर होडी येणार नाही. ती धावत परत फिरली, पाण्यात जसं धावता येतं तसं.

बुडबुडे आधी ओंजळीओंजळीने येत होते. आता चिमटीचिमटीने येऊ लागले. एक चिमूट आली. वैजूने दहापर्यंत मोजलं, तेव्हा दुसरी आली. मग वीसपर्यंत मोजावं लागलं.

"ताई," ती पाण्याला म्हणाली, "मी बघितललंय. मी काटो बघितललंय."

आणखी चार बुडबुडे आले. तिने शिट्टी दातांत धरली आणि श्वास संपेपर्यंत फुंकली. मग पुन्हा. मग पुन्हा. मोजायचं मात्र तिने सोडलं नाही. तीस झाले. चाळीस झाले. साठ झाले.

पाण्यावर काही हललं नाही.

तेव्हा कुठे इनासकाका उठला. हात धुतले, पंच्याला पुसले, होडीच्या काठावर उभा राहिला आणि दोन्ही तळवे तोंडाशी धरून त्याने हाक दिली. आवाजात हसू होतं.

"काय गो शिट्टीबाय? आता काय हलता?"

तात्पर्य: खरी शंका एकदा बोलून गिळू नये. हात कापत असला, लोक हसत असले, तरी ती दुसऱ्यांदा बोलावी. आणि भित्र्या माणसाला हसण्याआधी त्याने बोट कशाकडे दाखवलं आहे, तेवढं बघून घ्यावं.