वाढवलेलं दुकान

दोष रंभाजीकाकांचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गोष्ट संपली की मोठी माणसं चहा पितात आणि खापर लहानाच्या डोक्यावर फोडतात. या गोष्टीत फुटण्यासारखं पुष्कळ आहे. त्यात खापराची भर नको.

तर एका गावात एक भोळा कासार होता. निवृत्ती त्याचं नाव. बाप गेला तो पेठेतलं बांगड्यांचं दुकान मागे ठेवून गेला. निवृत्तीचा हात हलका होता. बाईचा पंजा असा अलगद दाबायचा, की काचेची बांगडी मनगटात कधी गेली ते बाईला कळायचंही नाही. डोकं मात्र सरळ होतं. इतकं सरळ, की सांगितलेलं एका कानातून आत जायचं आणि वाटेत कुठे वळायचंच नाही.

रंभाजीकाका त्याच्या बापाचे धाकटे भाऊ. काकांनी पिठाची गिरणी काढली, ती बसली. कोंबड्या पाळल्या, त्या मेल्या. मग तालुक्याच्या मंगल कार्यालयात 'श्रीमंती मनात असते' नावाचं शिबिर भरलं. काका गिरणीचं इंजिन विकून शिबिराला जाऊन आले. आले ते छातीवर बिल्ला लावून. त्या दिवसापासून काका काही करायचे थांबले आणि शिकवायला लागले. गावातली झाडून सगळी वडीलधारी त्यांचं ऐकायला बसू लागली. ऐकण्यात कष्ट नव्हते.

निवृत्तीचं लग्न ठरत होतं. शेजारच्या गावच्या काशिनाथ तांबटांची केशर. जत्रेत त्याने तिला बांगड्या भरल्या होत्या आणि तिच्या मनगटाचं माप त्याच्या बोटांत राहून गेलं होतं. त्या मापाचा हिरवा चुडा त्याने कापसात गुंडाळून एका डबीत वेगळा ठेवला होता. गिऱ्हाइकाने कितीही मागितला तरी देत नसे.

काशिनाथराव म्हणाले होते, "मुलीला मुलगा पसंत आहे. आमचं म्हणणं एवढंच, दुकान जरा वाढलेलं दिसू द्या. अक्षय्य तृतीयेला येतो. दुकान वाढलेलं दिसलं, की तिथंच साखरपुडा उरकून टाकू."

निवृत्ती काकांकडे गेला. तिथेच त्याचं चुकलं. बाकीचं सगळं काकांचं.

"काका, दुकान कसं वाढवायचं?"

काकांनी डोळे मिटले. बिल्ल्यावर हात ठेवला. "निवृत्ती, माणूस पैशाच्या मागे धावतो. म्हणून पैसा पुढे पळतो. तू धावू नकोस. पाठ फिरव. पैसा तुझ्या मागे येईल. बांध खूणगाठ."

निवृत्तीने खांद्यावरचा टॉवेल घेतला, त्याच्या टोकाला गाठ बांधली आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई बांगड्या भरून गेल्या. जाताना नोट दिली. चैत्रातला वारा. नोट उडाली आणि पेठेतून चालू लागली.

"अहो, नोट चालली," पाटलीणबाई म्हणाल्या.

"चालू दे. येईल मागं."

"कुणाच्या?"

"माझ्या," निवृत्ती म्हणाला. त्याने नोटेकडे पाठ केली आणि तो उलट्या दिशेने चालू लागला. थोडं चालला की मागे बघायचा. थोडं चालला की मागे बघायचा. विहिरीपर्यंत गेला तेव्हा मागे खरंच काहीतरी येत होतं. शेळी होती. काहीतरी चघळत होती. नोट आली होती म्हणायची, पण शेळीच्या पोटातून.

काका म्हणाले, "मूर्खा, असं करतात का?"

"नोट म्हणजे पैसा नव्हे का, काका?"

"मध्ये बोलू नकोस. आपल्या हातातून काही निसटलं, की उठायचं. हाका मारत मागे धावायचं. हातात येईपर्यंत सोडायचं नाही. बांध खूणगाठ."

निवृत्तीने टॉवेलाला दुसरी गाठ बांधली.

मग दुकानात पैलवानाची नवी बायको आली. तिने लाल बांगड्या भरल्या, पैसे दिले आणि हात मागे घेतला. म्हणजे हात निवृत्तीच्या हातातून निसटला. आपल्या हातातून काही निसटलं की काय करायचं, हे निवृत्तीला कालच कळलं होतं. तो उठला. भर पेठेत तो तिच्या मागे धावला, आणि हाका मारत धावला. "थांब. सोडणार नाही. थांब."

तालमीतून पैलवान बाहेर आला.

"काय रे?"

"हातातून निसटली."

"कोण?"

"ही."

पैलवानाने निवृत्तीला धरलं. पैलवानाच्या हातातून काही निसटत नाही.

डोक्याला फडकं बांधून निवृत्ती काकांकडे गेला. काकांनी फडक्याकडे पाहिलंही नाही. स्वतःच्या शिकवणीने कुणाला लागलं तर ही माणसं बघत नाहीत. "अरे, गिऱ्हाइकाच्या मागे कोण जातो? गिऱ्हाईक ओढून आणायचं असतं. मनाने. डोळे मिटायचे. दुकान गिऱ्हाइकांनी भरलंय असं बघायचं. आलीच आहेत असं धरून चालायचं. बांध खूणगाठ."

तिसरी गाठ.

निवृत्ती दुकानात बसला. त्याने डोळे मिटले. खरंच, आत बायाच बाया. एकीला निळ्या हव्या होत्या, एकीला पिवळ्या. आल्याच आहेत असं धरून त्याने भरायला सुरुवात केली. हवेतला एक पंजा धरला, अलगद दाबला, बांगडी चढवली. बांगडी फरशीवर गेली. तो दुसरी चढवू लागला.

एवढ्यात दोन खऱ्या बायका आल्या.

"निवृत्ती, आमच्या तेवढ्या भर की पटकन."

"मागं सरका, मावशी. या बायका केव्हाच्या बसल्यात."

खऱ्या बायका त्या रिकाम्या दुकानाकडे बघत उलट्या पावली गेल्या. त्या दिवसापासून पेठेतल्या दुकानात काहीतरी आहे अशी बोलवा उठली.

आवाज ऐकून आतून आई आली. फरशीवर रंगीत काच पसरली होती.

"हे काय केलंस?"

"बांगड्या फुटल्या, आई."

आईने कानाखाली दिली. बांगड्या फुटल्या म्हणून नव्हे, फुटल्या म्हणाला म्हणून. "कासाराच्या घरात जन्मलास आणि फुटल्या म्हणतोस? बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. नारळ फोडला म्हणू नये, वाढवला म्हणावं. तांदूळ संपले म्हणू नये, वाढले म्हणावं. दुकान बंद केलं म्हणू नये, वाढवलं म्हणावं. जातो म्हणू नये, येतो म्हणावं. वाईट बोललं की लक्ष्मी उठून जाते."

निवृत्तीने डोक्याचं फडकं चाचपलं. "म्हणजे पैलवानानं माझं डोकं वाढवलं तर."

"गप्प."

काका शेजारीच चहाला आले होते. ते चहाच्या वेळेला नेहमी शेजारीच असत. "वहिनी बरोबर सांगतायत. शिबिरात हेच सांगितलं. शब्द चांगला वापरला की फळ चांगलं मिळतं. वाईटाला वाढलं म्हणायचं. बांध खूणगाठ."

तोंडातून वाईट काढायचं नाही, एवढंच मोठ्यांना कळतं. फरशी कुणी झाडली नाही. निवृत्तीनेच झाडली.

त्याच आठवड्यात गल्लीतले येसूबुवा वारले. त्यांचा धाकटा मुलगा परगावी. बुवांच्या थोरल्या सुनेने निवृत्तीला एसटीत बसवलं आणि सांगितलं, "भाऊजींना सांग, बुवांचं असं असं झालं, आणि लगेच घेऊन ये."

निवृत्ती पोचला. मुलगा जेवायला बसत होता.

"ये ये. बुवा काय म्हणतात?"

"वाढले," निवृत्ती म्हणाला.

"वाढले?"

"सकाळीच वाढले. आता चौघांनी उचलावं लागतं."

"वा. म्हणजे तब्येत सुधारली. मी गेलो तेव्हा पार काडी झाले होते. काय खातात?"

"आता काही खात नाहीत. तरी वाढले."

"वहिनीने बोलावलंय का?"

"लगेच बोलावलंय. सगळे जमलेत."

मुलाने पोटभर जेवून घेतलं. वाटेत उतरून पेढे घेतले. गल्लीच्या तोंडाशी दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत तो आला, आणि दारात पोचला तेव्हा आत सुतकाचा दिवा लागला होता. चिता केव्हाच थंड झाली होती. बापाचं तोंड त्याला बघायला मिळालं नाही. उरलेल्या पेढ्यांचा पुडा त्याने निवृत्तीच्या तोंडावर मारला, आणि मग हातही मोकळा केला.

"काका," निवृत्ती म्हणाला, "मी तुम्ही सांगितलं तेच बोललो."

"शब्द बरोबर होता," काका म्हणाले. "भाव कमी पडला. तू कुठलीच गोष्ट मनापासून करत नाहीस, हा तुझा रोग आहे. पैशाचा विचार सोड. जे करशील त्यात जीव ओत. हात राखून काही करू नकोस. बांध खूणगाठ."

टॉवेलात आता गाठींखेरीज फारसं काही उरलं नव्हतं. घाम पुसायचा तर कपाळाला खरचटायचं.

"पण काका, अक्षय्य तृतीया उद्यावर आली. दुकानाचं काय करू?"

"काय करू काय? वाढव."

"वाढवू?"

"वाढव. जीव ओतून वाढव."

"सगळं दुकान?"

"निम्मंशिम्मं नको. काशिनाथराव आले की एक कोपरा न वाढलेला दिसता कामा नये."

"बांगड्याही?"

"अरे, बांगड्यांचंच दुकान आहे ना तुझं? मग काय भोपळे वाढवणार?"

"डबीतला केशरचा चुडासुद्धा?"

काका हसले. म्हातारी माणसं तरुणांच्या लग्नावर हसतात तसे. "तिच्यासाठी तर सगळं चाललंय. तो तर सगळ्यात मनापासून वाढव."

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी निवृत्ती पहाटेच आंघोळ करून दुकानात गेला. देवाला नमस्कार केला. आधी नारळ वाढवला. मग वरवंटा घेतला.

त्याने घाई केली नाही. घाईत जीव ओतता येत नाही. लाल बांगड्या वाढवल्या, पिवळ्या वाढवल्या, बिलवर वाढवले, मोरपंखी वाढवल्या. खालच्या फळीवरच्या वाढवल्या, वरच्या फळीवरच्या स्टुलावर चढून वाढवल्या. लहान मुलींच्या इवल्या बांगड्या फुटताना आवाजही करत नव्हत्या. त्या त्याने पुन्हा एकदा वाढवल्या, राहून जायला नकोत म्हणून. आई देवळात गेली होती. काकांना तो घुंगरांसारखा आवाज गल्लीत ऐकू आला, आणि ते शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, पोरगं कामाला लागलं."

शेवटी त्याने डबी उघडली. कापूस बाजूला केला. हिरवा चुडा हातात घेतला, आणि त्याचा हात थांबला. हे काकांच्या शिकवणीत बसत नव्हतं. हात राखायचा नव्हता. त्याने टॉवेलातली शेवटची गाठ चाचपली. मग चुडा वरवंट्याखाली धरला आणि सगळ्यात मनापासून वाढवला.

बाहेर येऊन त्याने दाराच्या फळ्या लावल्या. दुकान बंद करणं हेही वाढवणंच. एक कोपरा राहिला नाही. मग हातातून रक्त येत होतं ते धोतराला पुसत पायरीवर बसला.

काशिनाथराव आले. बरोबर केशर होती, नवं लुगडं नेसलेली. देवळातून आई आली. चहाची वेळ होती, काकाही आले.

"निवृत्ती, दुकान बंद कसं?" काशिनाथरावांनी विचारलं.

"बंद नाही, मामा. वाढवलंय. आतूनही वाढवलंय. बघा."

त्याने फळ्या काढल्या. सकाळचं ऊन आत गेलं आणि सगळी फरशी चमकली. केशर उंबऱ्याशी वाकली. तिने एक हिरवा तुकडा उचलला.

"हा कुणाच्या मापाचा होता?"

"तुझ्या."

"आणि वाढवलास?"

"सगळ्यात मनापासून."

तिने तुकडा होता तिथे परत ठेवला.

काशिनाथराव काकांकडे वळले. "हे तुम्ही शिकवलंत?"

"मी विचार दिला," काका म्हणाले. "आचार त्याचा."

"पोरगंच मंद आहे," आई म्हणाली, आणि तिने देवळातला अंगारा निवृत्तीला न लावता उंबऱ्याला लावला.

काशिनाथरावांनी चपला घातल्या. "बरं. येतो," म्हणाले आणि केशरला घेऊन निघाले.

निवृत्तीचा चेहरा उजळला. "येतो म्हणाले," त्याने आईला सांगितलं. तो पायरीवरून उठलाच नाही. पाहुणे येतील तेव्हा माणूस जागेवर असावा. तो ज्येष्ठ लागेपर्यंत रोज तिथे बसत होता, आणि केशरचं लग्न ज्येष्ठात झालं, दुसऱ्या गावी, दुसऱ्या कासाराने भरलेल्या चुड्यात.

काका आता दुसऱ्यांच्या गावांत शिबिरं घेतात. 'भाव कमी पडला तर काय होतं' हे सांगताना पुतण्याचं उदाहरण देतात. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. अक्षय्य तृतीयेला केलेलं कधी क्षय पावत नाही म्हणतात, ते खरं आहे. फरशीच्या फटीतून काच अजून निघते.

मोठी माणसं सांगतात, गेलं म्हणू नये.

दुकान गेलं. केशर गेली.