मगरीने घडवलेलं म्यान

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या वाळूत एक मगर आपली अंडी राखत बसली होती. चामड्याचं काम करणारा रायप्पा सुरी घेऊन समोर आला, तेव्हा तिच्या काळजात धस्स झालं. पळावं, तर अंडी उघडी पडणार होती.

"राजाला तलवारीसाठी मगरीच्या कातडीचं म्यान हवंय," रायप्पा मान खाली घालून म्हणाला.

"कातडी हवीय, की तिच्यावरची नक्षी?"

"नक्षीच, मगरबाई."

"मग म्हशीचं चामडं भिजवून आण. मी त्यावर निजते."

रायप्पाने ओलं चामडं अंथरलं. मगर दिवसभर सगळा भार टाकून त्यावर पडून राहिली. ती उठली, तेव्हा खवला न् खवला चामड्यावर उमटला होता.

पुढचे आठ दिवस मगरीची नजर वाटेवरून हटली नाही. नवव्या दिवशी रायप्पा आला, तो सुरी न घेता, रिकाम्या हातांनी.

"राजाला खरं सांगितलंस?"

"सांगितलं. जिवंत मगरीने घडवलेलं म्यान दुसऱ्या कुठल्याच राजाकडे नाही, म्हणून मिरवतोय!"

मगरीने लांब श्वास सोडला. अंड्यांशेजारीच ती उन्हात पसरली आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.