दोरीत न मावणारी जागा

जहागीरदार नागोजीरावांना मुलींची शाळा डोळ्यांत सलत होती. मुख्याध्यापिका द्वारकाबाई विद्यार्थिनींना घेऊन शाळेसाठी जागा मागायला आल्या, तेव्हा नागोजीरावांनी भरल्या कचेरीत चारशे फुटांची दोरी पुढे टाकली. "हिनं बरोबर बारा हजार चौरस फुटांची आयताकृती जागा घेरा. जमलं तर जागा तुमची, नाहीतर उद्यापासून शाळा बंद!"

मुली कचेरीच्या अंगणात दोरी ताणून ताणून दमल्या. शंभर बाय शंभरचा चौरस केला, तरी दहा हजारच भरले.

"पोरींना कुठलं आलंय गणित!" नागोजीराव खदाखदा हसले. दोरी धरलेली कृष्णी रडू लागली, तशी द्वारकाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी मातीत आकडे मांडले आणि लबाडी ओळखली.

"शास्त्रीबुवा," त्यांनी दरबारच्या गणितज्ञांना विचारलं, "लांबी-रुंदीची बेरीज दोनशे, गुणाकार बारा हजार. या वर्गसमीकरणाचा विवेचक किती?"

"दोनशेचा वर्ग चाळीस हजार, त्यातून बारा हजारांची चौपट वजा... उणे आठ हजार."

"विवेचक उणे आला की?"

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. "वास्तव उत्तरच नसतं."

बाई नागोजीरावांकडे वळल्या. "ऐकलंत? तुम्ही देऊ केलेली जागा या पृथ्वीवर नाही. शाळा बंद करायचा हुकूमही तिथंच जाऊन बजावा!"

कचेरीत हशा पिकला. नागोजीराव लालबुंद होऊन गुरगुरले, "ती शंभर बाय शंभरची जागा घ्या आणि निघा!"

"जागा घेतली," बाई जागच्या न हलता म्हणाल्या. "आता कृष्णीची माफी मागा. मोठ्यानं."