कॅमेऱ्याला चुडा

तळ्यातल्या बेटावरचा बहावा यंदा पहिल्यांदाच फुलला आणि यशोधर राजांनी दरबार बंद ठेवला. त्यांना त्या बहाव्याचा फोटो हवा होता!

झाड राणीसाहेबांनी लावलेलं. पानाच्या डब्याएवढा डिजिटल कॅमेराही त्यांचाच. गेल्या चैत्रात राणीसाहेब गेल्या. फुलं पाहायची राहिली. राजे सज्जात उभे राहून सकाळपासून बटण दाबत होते आणि प्रत्येक फोटोत बहाव्याच्या जागी हळदीचं एक बोट तेवढं उमटत होतं.

"नावेतून जवळ जावं, महाराज," खजिनदार दाजीपंत म्हणाले.

"बगळ्यांची पिल्लं उडेपर्यंत तळ्यात नाव घालायची नाही, हा राणीसाहेबांचा हुकूम आहे."

"मग नवा कॅमेरा घेऊ. चांगला तोफेएवढा! माझ्या ओळखीचे एक शेठ आहेत. लाखभरात होऊन जाईल."

"कॅमेरा हाच!"

"पण याला दूरचं दाखवणारं भिंग बसवायला पुढे आटेच नाहीत, महाराज. गोंदानं चिकटवावं लागेल, नाहीतर भोकं पाडावी लागतील."

"ओरखडासुद्धा उठता कामा नये! आणि फुलं गळायच्या आत काम झालं पाहिजे!"

सज्जाखालीच देवडी होती आणि देवडीच्या पायरीवर हौसा कासारीण आपली टोपली आवरत बसली होती. तिची आईही याच पायरीवर बसून राजवाड्यातल्या बायकांना बांगड्या भरत आली होती. पण सकाळीच दाजीपंतांनी फर्मावलं होतं, "राणीसाहेब नाहीत, मग कासारीण कशाला? जागा खाली कर!"

जायचंच आहे तर बोलून जावं, असं हौसानं ठरवलं. तिनं वर पाहून हाक दिली, "महाराज, मी बघू का जमतंय ते?"

दाजीपंत खो खो हसले. "ऐका! आम्हाला जमलं नाही ते ही करणार! मग आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?"

हौसानं फक्त पंतांच्या मनगटाकडे एकदा पाहिलं.

राजे म्हणाले, "करू दे तिला. जमलं तर मागेल ते देऊ."

"आणि उद्या संध्याकाळपर्यंत नाही जमलं, तर देवडी सोडायची!" असं म्हणून पंतांनी पाचशेची एक नोट खाली टाकली. "यापुढे एक पैसा मिळणार नाही. खजिना काही उधळायला ठेवलेला नाही!"

हौसानं कॅमेरा मागून घेतला. तो सुरू केला की त्याचं नाक पुढे यायचं. तिनं त्या नाकावरून एक बांगडी सरकवून पाहिली, जराशी हसली आणि बाजारात गेली.

शेठच्या दुकानात तळाच्या खोक्यात धूळ खात पडलेलं एक भिंग होतं. तिनं तीच बांगडी भिंगावर धरली. कडेला कड भिडली!

"काय किंमत, शेठ?"

"पाचशेचं आहे. पण हे वस्तू दुप्पट दाखवतं, तेव्हा दामही दुप्पट. हजार!"

हौसानं पाचशेची नोट टेबलावर पसरली आणि भिंग वर धरलं. "बघा बरं. झाली ना दुप्पट? घ्या हजार!"

"काचेतली वाढ खरी नसते, बाई!"

"मग दामातली कशी खरी, शेठ?"

गिऱ्हाइकं हसायला लागली. शेठनं नोट उचलली आणि भिंग पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना हौसा सज्जात आली. तिनं काचेच्या हिरव्या बांगड्या एकीवर एक रचल्या, वरून काळ्या चंद्रकळेची पट्टी घट्ट गुंडाळली. झाली नळी! एका तोंडाशी भिंग बसवलं, दुसऱ्या तोंडाला कापसाची गादी लावली आणि नळी कॅमेऱ्याच्या नाकावरून चढवून रेशमी गोफानं बांधून टाकली. ना गोंद, ना भोक.

"अगं, जरा धक्का लागला तर फुटतील त्या!" दाजीपंत ओरडले.

"फुटतील म्हणू नये, पंत. बांगड्या वाढतात! आणि इथं वाढवायलाच तर लावल्यात."

राजांनी बटण दाबलं. मग बराच वेळ ते कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत राहिले. बहाव्याचे घोस वेगवेगळे मोजता येत होते.

दाजीपंतांना राहवेना. "महाराज, अट मोडली! बांगड्यांचे पैसे धरले तर खर्च पाचशेच्या वर गेला!"

"ते आधीच पोचलेत," हौसा हळू आवाजात म्हणाली. "चैत्रगौरीसाठी राणीसाहेबांनी चुडा सांगितला होता. पैसे आगाऊ दिले होते. भरायचा राहिला."

राजांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला. "माप काय होतं त्यांचं?"

"सव्वादोन, महाराज."

"मला माहीत नव्हतं," राजे म्हणाले.

पण गप्प बसणं दाजीपंतांच्या पत्रिकेतच नव्हतं. "पण महाराज, राजाच्या कॅमेऱ्याला बांगड्या! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील," हौसा म्हणाली, "पंतांनी बांगड्या भरल्या नाहीत, त्यांच्याकडून काम झालं नाही. कॅमेऱ्यानं भरल्या, त्याच्याकडून झालं!"

राजे एवढ्या मोठ्यानं हसले की बेटावरचे बगळे भुर्रकन उडाले!

"माग, हौसाबाई! काय हवं?"

"माझी पायरी तेवढी राहू द्या."

"दिली! तुला दिली, तुझ्या लेकीसुनांना दिली! शिवाय उद्या राजवाड्यातल्या एकूणएक माणसांना बांगड्या भर. पैसे खजिन्यातून."

"एकूणएक?" दाजीपंतांनी हात अंगरख्याच्या बाहीत ओढून घेतले.

"एकूणएक, पंत!"

हौसानं टोपली कमरेवर घेतली. "यांना पावणेतीनचं माप लागेल, महाराज. मी कालच बघून ठेवलंय!"